खेळण्यांची मोजदाद

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातल्या वस्तूंची वर्षातून एकदा भरणारी न्यायसभाच होय. माळ्यावरचे हंडे खाली येतात, ट्रंका उघडतात, रद्दीचे गठ्ठे बांधले जातात आणि ठेवायचे काय, द्यायचे काय, फेकायचे काय याचे निकाल भराभर लागतात. गृहिणी या बाबतीत मोठी कर्तव्यकठोर असते. नवऱ्याच्या जुन्या स्वेटरची गय करायला ती मुळीच तयार नसते. पण खेळण्यांचे खोके पुढे आले की तीही थबकते. तीन चाकांची मोटार, एका हाताची बाहुली, ठोकळ्यांच्या चार अपुऱ्या पेट्या, नुसताच गुरगुरणारा वाघ. "एवढा पसारा आहे, आणि तरी म्हणतो, खेळायला काहीच नाही!" हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या घरांत ऐकले आहे की, ते आता मला दिवाळीच्या आरंभीचा एक विधीच वाटू लागले आहे.

मी शिक्षक, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्या दाराशी येतो. "गुरुजी, मुलाला खेळणी असावीत तरी किती?" एकरी खताच्या गोण्या किती टाकाव्यात, असे कृषी केंद्रात विचारावे, तशा सुरात पालक हे विचारतात. त्यांना आकडा हवा असतो. आकडा मला देता येत नाही. पण या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा एक प्रश्न उभा असतो आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. खेळणी किती, हे ठरवण्यापूर्वी ती कोणाची, हे ठरायला नको का?

आकड्याविषयी आधी बोलून घेऊ, कारण तो भाग त्या मानाने सोपा आहे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. दीड ते अडीच वर्षे वयाच्या 36 मुलांना त्यांनी एकदा चार खेळण्यांच्या आणि एकदा सोळा खेळण्यांच्या संगतीत सोडले. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्यापाशी अधिक वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. सोळा असताना ती एकावरून दुसऱ्यावर उड्या मारीत राहिली. हे कळायला अमेरिकेपर्यंत जावे लागते असे नाही. आमच्या चांदवड तालुक्यातील कोणाही शेतकऱ्याला विचारा. चाळीत कांदा फार उंच रचला की वरचा वजन टाकतो, तळच्याला वारा लागत नाही आणि तो आतल्या आत सडू लागतो. माल वाढला म्हणून एकाच चाळीत कोंबता येत नाही. मुलाच्या मनाची चाळ तर बेताचीच असते.

युरोपात मात्र याच्याही पुढे जाऊन पाहिले गेले. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील पेन्झबर्ग या गावी 1992 साली एका बालवाडीतील सारी खेळणी तीन महिन्यांसाठी हलवण्यात आली. गंमत अशी की, ही कल्पना खेळण्यांचा विचार करणाऱ्यांना सुचलीच नव्हती. ती व्यसनप्रतिबंधाचे काम करणाऱ्यांची होती. कंटाळा आला की लगेच हात पुढे करून एखादी वस्तू मागायची, ही सवय लहानपणी सुटली तर मोठेपणीचे काही अनर्थ टळतील, असा त्यांचा होरा. खोलीत टेबले, खुर्च्या आणि पांघरुणे उरली, आणि मुलांनी त्यांतूनच घरे नि गुहा उभ्या केल्या.

मारिया मॉन्टेसरी यांचा अनुभव याहून जुना. 1907 साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह काढले. तेथे उंची खेळणीही आणून ठेवली होती. मुले त्यांकडे ढुंकूनही पाहीनात. त्यांना आपली कामाची साधने हवी होती. त्यांच्या पद्धतीतील एक नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. प्रत्येक साधन एकच ठेवायचे. दुसऱ्याच्या हातात ते असेल तर त्याचे होईपर्यंत थांबायचे. सामानाचे पैसे वाचावेत म्हणून हा नियम नव्हता. थांबणे हाही शिक्षणाचा भाग आहे म्हणून होता.

हीच विद्या आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आणली, पण जशीच्या तशी नव्हे. 1945 साली बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी काम उभे केले, तेव्हा मॉन्टेसरीची घोटीव, महागडी साधने तेथे परवडण्यासारखी नव्हती आणि शोभण्यासारखीही नव्हती. मग शिंपले आले, गारगोट्या आल्या, बिया, पाने, फुले, माती, बांबू आले. मोजायला बिया, रंग ओळखायला फुले. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली; 'अंगणवाडी' या आज घरोघर ठाऊक असलेल्या कल्पनेचे मूळ या कामात आहे. गरिबीतून निघालेली ही वाट पुढे शास्त्रशुद्ध म्हणून मान्यता पावली. त्या दोघींना एक गोष्ट पक्की उमगली होती, असे मला वाटते. खेळणे विकत आणलेले असते तेव्हा ते दुकानदाराच्या कल्पनेतून बाहेर पडलेले असते. मुलाच्या कल्पनेला त्यात जागा उरली असेल तर ती त्याने शोधून काढायची.

इथवर सारे ठीक आहे. थोडी खेळणी बरी, हे मान्य करायला कोणाची हरकत नाही. अडचण पुढे आहे.

पहिली अडचण आम्हा मध्यमवयीन माणसांची. "आमच्या लहानपणी कुठे होती एवढी खेळणी?" असे म्हणताना आमची छाती उगाच फुगते. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी, बाभळीच्या काट्यावर फिरणारी पानाची भिंगरी, सायकलचे जुने टायर आणि ते हाकायला एक काठी. हे सर्व होते आणि त्यात आनंदही होता. पण ही आमची निवड नव्हती. आमच्या आईबापांनी काही बालमानसशास्त्राचे ग्रंथ वाचून आम्हांला टायर दिले नव्हते. रेणुकादेवीच्या यात्रेत कचकड्याच्या बाहुलीसमोर उभी राहिलेली आणि हाताला धरून ओढत नेलेली मुले त्या काळीही होती; त्यांच्या रडण्याची नोंद कोणी ठेवली नाही, इतकेच. ज्याच्या घरात चाळीस खेळणी आहेत त्याने चार करणे हा संयम झाला. ज्याच्या घरात एकही नाही त्याला चारच पुरेत म्हणून सांगणे हा निव्वळ उद्धटपणा झाला. माझ्या वर्गात ही दोन्ही घरची मुले एकाच बाकावर बसतात, म्हणून हा फरक मला विसरता येत नाही.

दुसरी अडचण मालकीची, आणि माझ्या मते सारा प्रश्न येथे येऊन ठेपतो.

खेळणी कमी करण्याची सर्वांत रूढ रीत कोणती? मूल शाळेत गेले असताना, नाहीतर झोपले असताना, अर्धी खेळणी पोत्यात भरायची आणि माळ्यावर टाकायची किंवा कोणाला तरी देऊन टाकायची. "त्याच्या लक्षातही येत नाही," असे आया मोठ्या समाधानाने सांगतात. पुष्कळदा येतही नाही. पण समजा आले, तर? माझी शिंगे असलेली गाय कुठे आहे, असे त्याने विचारले तर? "असेल कुठेतरी," असे उत्तर मिळते. घरातल्या देवासमोर खरे बोलावे म्हणून ज्याला रोज हात जोडायला लावतो, त्याच्याशी आपण हे बोलतो.

यावर एक सरळ युक्तिवाद आहे आणि तो मी बऱ्याच सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे. पैसे आमचे, घर आमचे, मूलही आमचे. मग खेळणे तेवढे त्याचे कसे? कायद्याने पाहिले तर पाच वर्षांच्या मुलाची मिळकत ती काय! पण कायदा बाजूला ठेवा आणि मुलाचे बोलणे ऐका. 'आई', 'बाबा', 'पाणी' यांच्या मागोमाग जे शब्द त्याच्या जिभेवर येतात त्यांत 'माझे' हा एक असतो. 'तुझे' हा शब्द पुष्कळ उशिरा येतो, आणि तो 'माझे' या शब्दाचा हात धरूनच येतो. आपली वस्तू आपल्याला न विचारता कोणी घेतली तर काय वाटते, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना संकोच वाटतो. आपण त्याच्या 'माझे'ला किंमत दिली नाही, तर त्याने आपल्या 'तुझे'ला किंमत का द्यावी? वर्गात दुसऱ्याची पेन्सिल बिनदिक्कत उचलणारी जी मुले मी पाहिली, त्यांत खाऊन पिऊन सुखी घरची मुले कमी नव्हती. त्या सर्वांचे कारण हेच असेल असे मी म्हणणार नाही. पण त्यांतल्या काहींच्या घरी कोणती वस्तू कोणाची हे कधी ठरलेलेच नसते, एवढे मला ठाऊक आहे.

आमच्याच गावातल्या एका घराची गोष्ट सांगतो. घराचा कर्ता ट्रकवर असतो. आग्रा रोड आमच्या गावाला लागूनच जातो, त्यामुळे असे संसार येथे पुष्कळ आहेत. महिन्यातून दोन दिवस बाप घरी येतो आणि येताना एक छोटी मोटार आणतो. मुलगा सहा वर्षांचा. मोटारी चाळीसेक झाल्या. गेल्या दिवाळीपूर्वी त्याची आई मला म्हणाली, "गुरुजी, पाय ठेवायला जागा नाही. निम्म्या काढून टाकू का? तुम्ही सांगितलंत तर ऐकेल तो."

मी घरी गेलो. मुलाने खोके पालथे केले आणि मोटारी ओळीने मांडायला सुरुवात केली. मला वाटले, रंगाने लावतो आहे. पण तांबडीशेजारी पिवळी आणि पिवळीशेजारी जीप असे चालले होते. विचारले तर म्हणाला, "ही बाबा पोळ्याला आले तेव्हाची. ही पाऊस होता तेव्हाची. ही आणली तेव्हा आजी दवाखान्यात होती." त्या चाळीस मोटारी नव्हत्याच, ते त्याचे पंचांग होते. बाप ज्या ज्या दिवशी घरी होता त्या त्या दिवसाची त्यात खूण होती. बाहेरून येणाऱ्याला पसारा दिसतो, कारण बाहेरच्याला ती लिपी वाचता येत नाही. टोलेडोच्या प्रयोगात ही गोष्ट बसत नाही, आणि त्यात प्रयोगाचा दोष नाही. तेथे मुलांपुढे ठेवलेली खेळणी कोणीच आणून दिलेली नव्हती.

मी त्या बाईंना म्हटले, "वहिनी, त्यालाच विचारू." मुलाला सांगितले की, जागा कमी आहे, तुला वाटेल ती एखादी देऊन टाकायची असली तर सांग, नसली तर खोक्यासाठी आपण दुसरी जागा बघू. त्याने फार विचार केला नाही. सगळ्यांत मोठी, बॅटरीवर चालणारी, दिवे लुकलुकणारी मोटार उचलून त्याने माझ्या पुढे ठेवली. आईच्या चेहऱ्यावर किंमत दिसली, पण ती काही बोलली नाही. तीच का, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

या ठिकाणी मला शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ची आठवण होते. मराठी माणसाला ते नाटक देवलांनी ओळखीचे करून दिले. संस्कृतातल्या या थोर नाटकाला नायक-नायिकेचे नाव नाही. एका खेळण्याचे नाव आहे, मातीच्या गाडीचे. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून येतो. ती गाडी शेजारी परत नेतात. दासी रदनिका त्याला मातीची गाडी करून देते, पण तो रडतो. त्याला सोन्याचीच हवी. वसंतसेना ते पाहते, तिचे डोळे भरून येतात आणि ती आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. यातून सोन्याची गाडी करून घे, म्हणते.

रोहसेनाला खेळणे नव्हते असे नाही. खेळणे होते, हाताने करून दिलेले होते, आणि शेजारच्या घरी सोन्याचे नसते तर त्याने ते आनंदाने ओढलेही असते. आपल्या घरातली खेळणी आपण कितीही विचारपूर्वक मोजली तरी शेजारच्या घरातील सोने आपल्या मोजदादीत येत नाही. म्हणून 'थोडी खेळणी' हा एका घराने एकट्याने पाळायचा नियम नाही. तो गल्लीचा, भावकीचा, निदान चार स्नेह्यांच्या घरांचा मिळून असावा लागतो.

आणि त्या दागिन्यांचे पुढे काय होते? चारुदत्त ते परत करायला मैत्रेयाला पाठवतो. मैत्रेयाच्या काखेतून नेमके न्यायसभेत ते खाली पडतात आणि वसंतसेनेच्या खुनाचा आळ बापावर पक्का होतो. मुलाचे रडे थांबावे म्हणून अतिशय मायेने दिलेली वस्तू बापाला वधस्तंभापर्यंत घेऊन जाते. नाटक आहे, म्हणून शेवटी सगळे सुटतात. शूद्रकाला येथे काही उपदेश करायचा होता असे मला वाटत नाही. पण देणाऱ्याचे मन भरून आले की त्याचा हात सुटतो, आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते, हे त्याने पाहिले होते खास.

कारण घरात खेळणी कोण आणते ते पाहा. मूल आणत नाही. मामा आणतो, आत्या आणते, वाढदिवसाला आलेले तीस पाहुणे तीस पुड्या आणतात. नाशिकला-मुंबईला नोकरी करणारा काका दोन वर्षे आला नाही त्याची भरपाई एका मोठ्या खोक्याने करतो. मूल त्या खोक्याहून त्याच्या पुठ्ठ्यातच अधिक वेळ खेळते, आणि काका हिरमुसतो. खेळणे हे पुष्कळदा मुलाची गरज नसतेच. ते मोठ्यांच्या अनुपस्थितीचे, ओशाळेपणाचे, क्वचित ऐटीचे बिल असते आणि ते मुलाच्या नावाने फाडलेले असते. मग त्या खोक्यांचा ढीग झाला की "फार पसारा करतो," म्हणून बोलणी मात्र त्याने खायची!

सरकारही या प्रश्नात आपल्या परीने उतरले आहे. 2020 साली बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरील आयातकर 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाला, 2023 साली तो 70 वर गेला; 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यावर भारतीय मानक चिन्ह हवे असा दंडक आला. रंग विषारी नाही ना, कड धारदार नाही ना, हे पाहायला हा दंडक चांगलाच आहे. पण किती पुरेत, हे काही कोणतेही खाते सांगू शकत नाही.

तेव्हा मर्यादा घालायचीच असेल तर ती देणाऱ्याच्या हाताला घालावी, घेणाऱ्याच्या खोक्याला नव्हे, असे माझे मत झाले आहे. दाराच्या बाहेर जे अडवता आले नाही ते आत आल्यावर, मुलाच्या हातात पडल्यावर, त्याचे झाले. मग ते काढायचे तर त्याला विचारून. तो 'नाही' म्हणेल ही भीती असते, कधी म्हणतोही. पण विचारले गेलेले मूल आपण समजतो त्यापेक्षा अधिक देते, असा माझा अनुभव आहे. पाहुण्यांना आधी सांगणे अवघड जाते, हे खरे. आमच्याकडे 'काही आणू नका' या वाक्याचा अर्थ 'थोडे मोठे आणा' असा घेतला जातो! तरीही मावशीला, मामाला म्हणता येते की, या भाऊबिजेला खोका नको. अर्धा दिवस काढ आणि त्याला रंगमहाल दाखवून आण, किंवा किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चालत ने. त्या वेळाला माळ्यावर जागा लागत नाही.

देऊन टाकण्याविषयीही दोन शब्द. दिवाळीत जुनी खेळणी गोळा करून वाटण्याचा एक नवा प्रघात पडला आहे. हेतू चांगला असतो. पण एकदा असे एक पोते उघडताना मी हजर होतो. त्यात चाके नसलेल्या गाड्या होत्या आणि डोळे नसलेल्या बाहुल्या. आपल्या मुलाला नकोशी झालेली मोडकी वस्तू दुसऱ्याच्या मुलाला आनंदाची वाटेल, हे आपण कशावरून ठरवतो? वर त्या मुलांना रांगेत उभे करून छायाचित्र काढायचे! कांदा काढणीला आलेल्या मजुरांची एक चिमुरडी त्या दिवशी माझ्याजवळ उभी होती. तिने बाहुली घेतली, उलटीसुलटी केली आणि शांतपणे परत पोत्यात ठेवली. तिच्या दुसऱ्या हातात चिंध्यांची स्वतःची एक बाहुली होती. तिला डोळे होते, काजळाने काढलेले. मुलानेच आपल्या हाताने, आपल्या ओळखीच्या सवंगड्याला, नीट चालणारी एखादी वस्तू द्यावी, तिला देणे म्हणावे. बाकीचे साफसफाईच्या खात्यावर टाकावे. त्याला दानाचे नाव देऊ नये.

हे लिहीत असताना बाहेर गल्लीत पोरांचा कालवा चालला आहे. किल्ला बांधणे सुरू आहे. आमच्या चांदवडच्या पोरांना नमुन्यासाठी पुस्तक लागत नाही. मान वर केली की किल्ला समोर असतो, आणि राजधेर, इंद्राई, कोळधेर ही नावे त्यांच्या तोंडी शेजारपाजाऱ्यांसारखी असतात. बाजारात हल्ली आयते, रंगवलेले किल्ले मिळतात; तसा एक एका घरी आलाही आहे. तो ओट्यावर एकटाच बसला आहे आणि त्याचा मालक, बाही वर करून, दुसऱ्यांच्या चिखलात हात घालून उभा आहे. विटा कोणाच्या, गोणपाट कोणाचे, मावळे कोणाचे, यावरून मघापासून दोनदा भांडण झाले आणि दोनदा मिटले. अळीव पेरून झाले आहेत. पाण्याचे टाके दरवाजाच्या डावीकडे की उजवीकडे, यावर आता वाद पेटला आहे, आणि त्यांतला एकजण निकाल लावायला मला हाका मारतो आहे.